बेचाळिसांचा हिशेब

सरबती गव्हाच्या पेशीत ४२ गुणसूत्रं असतात, बन्सीच्या आणि खपलीच्या पेशीत २८. एजिलॉप्स गटातली गवतं ही गव्हाची रानटी भावकी. त्यांतल्या बऱ्याच जातींत १४. गव्हाचा या गवतांशी संकर करायचा तो मुख्यतः तांबेऱ्यापायी. कुणी पेरलं नाही, फवारलं नाही, तरी हजारो वर्षं पश्चिम आशियाच्या डोंगरउतारांवर ती तग धरून आहेत, आणि रोगाला दाद न देणारी जनुकं त्यांच्यात मुबलक आहेत. संकर अवघड असतो, पण होतो. कस लागतो तो नंतर. बाहेरून आलेलं गुणसूत्र पुढच्या पिढीत टिकतं का, त्यापुढच्या पिढीत टिकतं का, आणि टिकताना गव्हाची घडी विस्कटतं का? पेशीशास्त्राच्या टेबलावर मी जी काही वर्षं काढली, ती याच प्रश्नाच्या मागे.

आपल्याकडे पहिली अडचण थंडीची. या रानगवतांपैकी अनेकांना कडाक्याचा हिवाळा भोगल्याशिवाय फुलायचं सुचतच नाही, आणि महाराष्ट्रातल्या डिसेंबरला ती हिवाळा मानत नाहीत. म्हणून मोड आलेलं बी ओल्या टिपकागदावर पसरून काही आठवडे फ्रिजात ठेवायचं आणि मग कुंडीत लावायचं. गहू मात्र थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं पेरत जायचा, म्हणजे त्यातली एखादी तरी पेर गवताच्या फुलोऱ्याशी जुळते. ओंबी बाहेर आली की कुसळं कापायची, प्रत्येक फुलातले तीन हिरवे परागकोश चिमट्यानं काढायचे आणि वर बटरपेपरची पिशवी चढवायची. दोन-तीन दिवसांनी गवताचे पराग आणून लावायचे. दाणा धरलाच तर आत नीट पोसत नाही. तो चिमून मरायच्या आत त्यातला गर्भ सोडवून काचेच्या नळीत पोषकद्रव्यावर वाढवावा लागतो.

इतक्या खटाटोपातून उभं राहिलेलं रोप दिसायला धट्टंकट्टं असतं, फुटवेही भरपूर देतं. त्याच्या पेशीत २८ गुणसूत्रं असतात: २१ गव्हाची, ७ गवताची. पण एकाचाही जोडीदार हजर नाही. ही गोष्ट कळते ती पोटरीत. ओंबी पानाच्या आवरणात असतानाच परागकोशात अर्धसूत्री विभाजन होऊन जातं. ओंबी बाहेर दिसली की वेळ टळलेली असते. त्यामुळे सकाळी प्लॉटात फिरून बोटांनी पोटरी चाचपायची, फुगवटा कुठवर आलाय याचा अंदाज घ्यायचा आणि ती कापून आणायची. विभाजन ओंबीच्या मधल्या भागात आधी सुरू होतं आणि मग वर-खाली सरकतं. एका फुलातले तिन्ही परागकोश साधारण एकाच टप्प्यावर असतात, म्हणून एक तपासायचा आणि बाकीचे दोन राखून ठेवायचे.

तो एक परागकोश जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा, फिकट हिरवा. स्लाइडवर अॅसिटोकार्मिनचा थेंब टाकायचा आणि त्यात परागकोश ठेवून लोखंडी सुईनं कुस्करायचा. सुई लोखंडीच हवी, कारण तिच्यातलं किंचित लोह रंगात उतरतं आणि गुणसूत्रं गडद दिसतात. चकचकीत स्टीलच्या सुईपेक्षा जुनी, थोडी गंजलेली सुई आमच्याकडे जास्त जपली जाते. परागकोशाची सालं उचलून टाकायची, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि स्पिरिटच्या दिव्यावरून स्लाइड दोन-चारदा फिरवायची. हाताच्या पाठीला टेकवली तर सोसवेल इतपतच गरम, उकळी नाही. मग टिपकागदात धरून अंगठ्यानं सरळ खाली दाब द्यायचा. अंगठा जरा जरी आडवा सरकला तरी पेशी घसटतात आणि सकाळ वाया जाते.

साध्या गव्हाची स्लाइड पाहिली की समाधान होतं. २१ जोड्या पेशीच्या मध्यावर ओळीत येतात, बहुतेक बंद कड्यांच्या आकारात. संकराच्या स्लाइडवर हीच ओळ मोडलेली दिसते. बहुतेक गुणसूत्रं एकेकटी, पेशीभर विखुरलेली. पुढच्या टप्प्यात काही या टोकाला जातात, काही त्या टोकाला, काही मध्येच रेंगाळतात. रेंगाळलेली केंद्रकाबाहेर राहून जातात आणि चार पेशींच्या चौकडीत बारीक काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. असे पराग पोकळ निघतात, ओंबी पोची राहते.

इथे एक चकवा आहे. गव्हात ए, बी आणि डी असे तीन संच आहेत, तीन वेगवेगळ्या गवतांकडून आलेले. डी संच एजिलॉप्स टॉशीचा, हे १९४४ साली जपानमध्ये किहारांनी आणि अमेरिकेत मॅकफॅडन आणि सिअर्स यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. तिन्ही संचांतली पहिली गुणसूत्रं एकमेकांची चुलत भावंडं, दुसरीही तशीच. इतकं साम्य असूनही ती एकमेकांशी जोडी जमवत नाहीत, फक्त सख्ख्याशीच जमवतात. याचं कारण १९५८ साली केंब्रिजला रायली आणि चॅपमन यांना आणि मिझुरीत सिअर्स आणि ओकामोटो यांना सापडलं: ५बी गुणसूत्राच्या लांब भुजेवर एक पहारा आहे. त्याला पीएच-१ म्हणतात. अलीकडे नॉरिचच्या जॉन इनेस सेंटरमधल्या संशोधनातून त्याचं मूळ झिप-४ या जनुकाच्या ५बीवरच्या जादा प्रतीपर्यंत पोचलंय.

गव्हाचं स्थैर्य ज्या पहाऱ्यामुळे, त्याच पहाऱ्यामुळे गवताचं जनुकही आत येत नाही, कारण गवताचं गुणसूत्र हे गव्हाच्या लेखी चुलतच. जोडी नाही म्हणजे देवाणघेवाण नाही. १९७७ साली सिअर्स यांनी पीएच-१ गमावलेला गहू लोकांसमोर आणला. तो वापरला की चुलत गुणसूत्रं जुळतात, तुकड्यांची अदलाबदल होते आणि हवं ते जनुक गव्हाच्या गुणसूत्रात शिरू शकतं. पण पहारा उठला की अदलाबदल फक्त आपल्याला हवी तिथेच होईल असं नाही. गव्हाची आपसातली गुणसूत्रंही जुळू लागतात. अशी ओळ पिढ्यान् पिढ्या तशीच वाढवली तर नको ते जोडतुकडे साचत जातात आणि दाणा धरणं कमी होतं. आमच्या अशा एका ओळीच्या स्लाइडवर कड्यांऐवजी चार-चार गुणसूत्रांच्या साखळ्या दिसायला लागल्या, तेव्हा ती ओळ तिथेच थांबवून जुन्या बियाण्याकडे परत जावं लागलं. काम झालं की साध्या गव्हाशी संकर करून पहारा पुन्हा बसवायचा, यात कुचराई चालत नाही.

दुसरी वाट संथ आहे. संकराच्या रोपात कधीकधी विभाजन अर्धवट राहतं आणि सगळी २८ गुणसूत्रं घेऊन एखादी बीजपेशी तयार होते. तिला गव्हाचे पराग दिले की २८ आणि २१ मिळून ४९ गुणसूत्रांचं झाड होतं: गव्हाच्या २१ जोड्या आणि गवताची ७ एकटी. पुन्हा गव्हाशी संकर केला की ही सात गळायला लागतात. कुठल्या रोपात तीन उरतात, कुठल्यात एक. ४३ चं रोप मिळालं की आनंद होतो, पण तो बेतानंच करावा. एकटं गुणसूत्र चारांपैकी जेमतेम एखाद्या बीजपेशीत पोचतं, परागातून तर क्वचितच. जोडीनं आलं, म्हणजे ४४ झाली, तरी काही पिढ्यांत ते निसटतं आणि निव्वळ गहू उरतो.

गवताचा अंश असलेलं झाड राखायचं, हे शेतावरच्या मामांना पटायला वेळ लागला. बियाण्याच्या प्लॉटातली भेसळ काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. "मॅडम, ही काडी निराळी दिसते. तूस कडक, मळली तरी दाणा सुटत नाही. उपटू का?" असं ते विचारत. त्यांची नजर बिनचूक असायची, कारण कडक तूस हा गवताचाच वारसा. फक्त आम्हाला ती भेसळच हवी असायची. पुढे पुढे ते अशा झाडांना न विचारताच लाल दोरा बांधून ठेवू लागले.

दोरा बांधलेल्या झाडाच्या बियांना मोड आणायचे, मुळांची टोकं कापून बर्फाच्या पाण्यात रात्रभर ठेवायची म्हणजे गुणसूत्रं आखडून सुटी दिसतात, आणि मोजायची. एका पेशीवर भरवसा ठेवायचा नाही. दोन गुणसूत्रं एकावर एक पडली की ४३ ची ४२ होतात. त्याहून मोठा धोका म्हणजे ४२ भरणं. ४२ म्हणजे सगळं ठीक, असं नाही. गव्हाचं एक गेलेलं आणि गवताचं एक आलेलं असलं तरी बेरीज तीच येते. म्हणून गवताच्या डीएनएला हिरवी चमक देणारी खूण लावून तो स्लाइडवर सोडतात. जिथे गवताचा अंश आहे तिथेच तो चिकटतो. प्रतिदीप्ती मायक्रोस्कोपखाली लाल गुणसूत्रांच्या गर्दीत एखादं अख्खं हिरवं दिसतं, किंवा एखाद्याचा फक्त शेंडा हिरवा. आम्हाला हवा असतो तो शेंडा. गव्हाच्या गुणसूत्राचा भाग झालेला तुकडा त्याच्याबरोबर जोडीत बसतो आणि त्याच्याबरोबरच पुढे जातो.

असा तुकडा मिळवायला सिअर्स यांनी १९५६ साली क्ष-किरण वापरले. एजिलॉप्स अंबेल्युलाटाचं जादा गुणसूत्र असलेल्या झाडांवर किरण सोडले, त्यांचे पराग साध्या गव्हाला दिले आणि सहा हजारांहून अधिक रोपं तांबेऱ्यासमोर उभी करून तपासली. त्यातून ‘ट्रान्सफर’ हा वाण आणि एलआर-९ हे जनुक हाती आलं. निसर्गानंही हे काम केलंय. एकटी पडलेली गुणसूत्रं कधी मध्यावर तुटतात आणि दोन अर्धी एकमेकांना जुळतात. गव्हाच्या १बीची लांब भुजा आणि राय या युरोपी धान्याच्या १आरची आखूड भुजा यांचं असंच जुळलं. जर्मनीतून सोव्हिएत ‘कावकाझ’मध्ये, तिथून मेक्सिकोतल्या सिमिट या संशोधन संस्थेच्या ‘व्हीरी’ ओळींत आणि पुढे जगभरच्या वाणांत ते गेलं. १९९५ मध्ये आलेल्या आणि उत्तर भारतानं वर्षानुवर्षं पेरलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ या वाणातही हा तुकडा होता. त्याच्या जोडीनं कणीक चिकट करणारं रायचं प्रथिनही आलं. तुकडा जितका लहान तितका बरा, तो यासाठी.

गुणसूत्रांचं निसटणंही कामाला येतं. हिमाचलात पालमपूरच्या कृषी विद्यापीठात गव्हाला चक्क दर्भाचे पराग देतात. गर्भ धरतो, पण पहिल्या काही विभाजनांतच दर्भाची सगळी गुणसूत्रं बाहेर पडतात आणि २१ गुणसूत्रांचं निव्वळ गव्हाचं रोप उरतं. कोल्चिसीन या रसायनानं ती दुप्पट केली की एका फटक्यात शुद्ध ओळ मिळते.

गहू स्वतःच्याच परागांवर दाणा धरतो, म्हणून शेतकरी घरचंच बियाणं राखून पेरतो. तिथे पिढीगणिक मोजणारं कुणी नसतं. जे गुणसूत्र निसटतं त्याची दाद ना फिर्याद, फक्त एका वर्षी पानांवर तांबेरा दिसतो. त्यामुळे तुकडा कायमचा बसला याची खात्री आमच्या टेबलावरच व्हायला हवी. ती झाली तरी निम्मंच काम होतं. राय भुजेवरचं एसआर-३१ हे खोड तांबेरा रोखणारं जनुक गव्हात पक्कं बसलेलं होतं, एकाही पिढीत हललं नव्हतं. १९९९ साली युगांडात खोड तांबेऱ्याच्या नव्या प्रकारानं, यूजी-९९ नं, ते निष्प्रभ केलं. गुणसूत्र जागचं हललं नव्हतं, बुरशी बदलली होती. ती बदलत राहणार, आणि म्हणून फ्रिजात रानगवताचं पुढचं बी दर साली ठेवावंच लागणार.