सराव पाठ : छात्राध्यापकाची खरी कसोटी

तापी व पूर्णा या नद्यांच्या संगमावरील चांगदेव हे गाव जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर तालुक्यात आहे. वयोवृद्ध योगी चांगदेवांनी बालवयीन मुक्ताबाईंना गुरू मानले, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. मोठ्यांनीही लहानांकडून शिकावे, हा या कथेचा बोध छात्राध्यापकाला सराव पाठाच्या वेळी विशेष उपयोगी पडावा.

सूक्ष्म अध्यापन

छात्राध्यापकाची पूर्वतयारी सूक्ष्म अध्यापनाने होते. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धती विकसित झाली. प्रश्न विचारणे, फलकलेखन यांसारखे एकच कौशल्य घेऊन ६ मिनिटांचा पाठ द्यावयाचा, त्यावरील अभिप्राय ऐकावयाचा व सुधारलेला पाठ पुन्हा द्यावयाचा, असे तिचे भारतात रूढ झालेले स्वरूप आहे. येथे विद्यार्थी म्हणून बहुधा सहाध्यायीच बसतात. त्यामुळे अपेक्षित उत्तर हमखास मिळते.

बोलीतील उत्तर

प्रत्यक्ष वर्गात मात्र उत्तर पाठ टाचणातील शब्दांत येत नाही. या परिसरातील अनेक घरांत लेवा गणबोली बोलली जाते. तीत 'ळ'चा 'य' होतो. 'केळी'ची 'केयी' होते, 'शाळा'ची 'शाया'. केळीच्या बागेत वाढलेल्या मुलाला लागवडीपासून घड उतरविण्यापर्यंतची माहिती असते. परंतु पहिल्याच शब्दाला "नीट बोल" असे ऐकावे लागले, तर ते मूल खाली बसते व पुन्हा हात वर करीत नाही. उच्चार दुरुस्त झाल्याची नोंद निरीक्षणवहीत होते. गमावलेल्या उत्तराची होत नाही.

म्हणून उत्तराचा आशय आधी स्वीकारावा व प्रमाण शब्द नंतर फळ्यावर लिहावा. तो मुलाला यावयासच हवा. मात्र घरच्या शब्दाची लाज वाटावयास लावून नव्हे. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरी यांची कविता याच बोलीत जन्मली. शिक्षणहक्क कायदा, २००९ मध्येही शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे.

२०१५ पासून बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला व शाळेतील प्रत्यक्ष अनुभवाला २० आठवडे मिळाले. या कालावधीत किती पाठ पूर्ण झाले, याबरोबरच गप्प बसणारी किती मुले बोलू लागली, हेही छात्राध्यापकाने पाहावे. त्याच्या पाठाचे खरे गुण तेथेच मिळतात.