पदकाच्या कडेवरचे नाव

परतवारी एकादशीला नरसी माणसांनी भरून जाते. पंढरीहून परतणारा वारकरी नामदेवांच्या जन्मगावी माथा टेकतो, कयाधूच्या काठी घटकाभर विसावतो आणि मग घरची वाट धरतो. अशा यात्रेच्या बाजारात किंवा आपल्याच घरातल्या जुन्या पेटीत राणीचे मस्तक असलेली काळपट चांदीची चकती सापडली, तर तिला रुपया समजून सोनाराकडे नेऊ नका. आधी तिची कड पाहा. कडेवर इंग्रजी अक्षरांत नाव असेल, तर ते लष्करी मेडल आहे. या टापूत असे मेडल निघण्याला कारणही आहे.

हिंगोलीची छावणी

नरसीजवळचे हिंगोली १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटचे ठाणे होते. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ही फौज होती. तिचे मूळ रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ साली उभ्या केलेल्या रसेल ब्रिगेडमध्ये आहे. औरंगाबाद, जालना, एलिचपूर, बोलारम आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, इथेही तिच्या छावण्या होत्या. १९०२ साली वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट हे नाव संपले. तिच्या पलटणी भारतीय सैन्यात सामील झाल्या. पायदळाला ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले, तर घोडदळाला २०, २९ आणि ३०. पुढे १९२१ मध्ये २० आणि २९ हे दोन रिसाले एकत्र होऊन आजच्या डेक्कन हॉर्सचा जन्म झाला. १९२२ मध्ये पायदळाची १९ वी हैदराबाद रेजिमेंट बनली आणि २७ ऑक्टोबर १९४५ रोजी तिचे नाव कुमाऊं झाले.

नावांची ही साखळी संग्राहकाने तोंडपाठ करावी. खोटे मेडल पकडायला भिंगापेक्षा तीच जास्त कामी येते, असे माझे मत आहे.

काय निघू शकते

सगळ्यात अवघड मेडल १८५७-५८ चे. त्याच्या पुढच्या बाजूला व्हिक्टोरिया राणीचे मस्तक असते आणि मागे सिंहासह ब्रिटानिया. फीत पांढरी, तिच्यावर दोन लाल पट्टे. या मेडलसाठी लढायांच्या नावांच्या पाच आडव्या पट्ट्या काढल्या होत्या. कंटिंजंटच्या शिपायाला मिळणारी पट्टी ‘सेंट्रल इंडिया’ची, कारण ही फौज ह्यू रोझबरोबर झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेरच्या मोहिमेत होती. म्हणजे राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढल्याबद्दल दिलेले हे पदक. ते हातात घेताना मन दुभंगते. तरीही ते वितळवू नये. आपल्याच भागातली माणसे पगारासाठी कुठे उभी राहिली, याचा तो पुरावा आहे.

पहिल्या महायुद्धाची मेडले त्या मानाने पुष्कळ. १९१५ अखेरपर्यंत रणभूमीवर पोहोचलेल्याला बहुधा तीन मिळत: ब्राँझचा तारा, चांदीचे वॉर मेडल आणि इंद्रधनुषी फितीचे व्हिक्टरी मेडल. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुडजवळ घोड्यावरून चाल करून गेलेल्यांत २० वी डेक्कन हॉर्स होती. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. ते ठाणे २९ एप्रिल १९१६ रोजी पडले. घरात या तीन मेडलांपैकी फक्त ब्राँझचे व्हिक्टरी मेडल उरले असेल, तर चांदीचे कुठे गेले हे बहुधा सांगावे लागत नाही. अडीअडचणीला चांदीच मोडली जाते.

कड आधी वाचा

बाजारात मेडलची किंमत धातूवर ठरत नाही, कडेवरच्या नावावर ठरते. म्हणून बनावटीचा हात आधी कडेवर पडतो. मेडल खरेच असते, पण साध्या शिपायाचे किंवा मजूर तुकडीतल्या माणसाचे नाव कानशीने घासून काढतात आणि तिथे एखाद्या गाजलेल्या पलटणीतले नाव घालतात. घासले की धातू कमी होतो. वॉर मेडलचा व्यास ३६ मिलिमीटर. व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी माप घ्या. एका बाजूला जरी ते कमी भरले, तरी विक्रेत्याला प्रश्न विचारा. महायुद्धाच्या मेडलांवर नाव ठशांनी ठोकलेले असते. अक्षरांची खोली सारखी आणि बांधणी चौकोनी. हाताने कोरलेले अक्षर भिंगाखाली लगेच वेगळे दिसते. ताऱ्यावर नाव कडेला नसते, मागच्या सपाट बाजूला असते. तिन्ही एकाच माणसाची म्हणून विकत असतील, तर क्रमांक, हुद्दा आणि नाव तिन्हींवर जुळायला हवे.

मग पलटणीचे नाव पाहा. १८५८ च्या मेडलवर ‘९५ रसेल्स इन्फंट्री’ असे लिहिले असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. तो क्रमांक १९०३ पूर्वी अस्तित्वातच नव्हता. तिथे हैदराबाद कंटिंजंटचे नाव हवे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नाव बदललेले प्रत्येक मेडल फसवणुकीचे नसते. स्वतःचे मेडल हरवले म्हणून दुसरे विकत घेऊन त्यावर आपले नाव घालणारे शिपाईही होते. अशा मेडलला बाजारभाव कमी, पण घरच्यांसाठी त्याचे मोल तेवढेच.

ओतीव की ठोकीव

खरे मेडल पोलादी ठशाखाली दाबून काढलेले असते. नक्कल बहुधा खऱ्यावरून साचा घेऊन ओतलेली. ओतीव नकलेत राणीच्या केसांच्या बटा बोथट होतात, मोकळ्या जागी सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात, कडेवर कधी साच्याची शिवण राहते. शिवाय थंड होताना धातू आकसतो, म्हणून नक्कल खऱ्यापेक्षा किंचित लहान भरते. चांदीला लोहचुंबक ओढत नाही. मेडल चुंबकाला चिकटले तर पुढे तपासायची गरजच नाही. फितीवरून निकाल देऊ नका, कारण जुन्या मेडलला नवी फीत लावणे हा सर्रास आणि प्रामाणिक प्रकार आहे. मात्र ‘फीतसुद्धा मूळची’ असे सांगून जास्त पैसे मागत असतील, तर ती अतिनील दिव्याखाली धरा. अलीकडचा धागा बहुधा निळसर चमकतो.

जे मेडल निघालेच नाही

जानेवारी १८१९ मध्ये हदगावजवळच्या नोव्हाच्या गढीला वेढा पडला. आत हटकरांचे पुढारी नोवसाजी नाईक, बाहेर रसेलची फौज. या लढाईचा मान पलटणीच्या निशाणावर चढला, पण मेडलची पट्टी कधी निघाली नाही. १८०३ ते १८२६ च्या लढायांसाठी १८५१ साली मंजूर झालेल्या आर्मी ऑफ इंडिया मेडलच्या २१ पट्ट्या होत्या. त्यांत असई, गाविलगड, खडकी, कोरेगाव, महिदपूर आहेत, नोव्हा नाही. ते मेडलही तोवर हयात असलेल्यांनाच मिळाले. म्हणून ‘नोव्हाचे मेडल’ म्हणून कोणी काही दाखवले, तर ते खोटेच. आपल्या मातीतली लढाई म्हणून मोह होईल, तो आवरा.

टोपीचा बिल्ला

बिल्ल्यांवर नाव नसते, त्यामुळे नकला जास्त आणि पुरावा कमी. इथे चिन्हाचा इतिहास कामी येतो. कुमाऊं रेजिमेंटच्या बिल्ल्यावर हातात क्रूस धरलेला अर्धा सिंह आहे. तो हिमालयातून आलेला नाही, रसेल घराण्याच्या कुलचिन्हातून आलेला आहे. हिंगोलीसारख्या छावण्यांतून वाढलेल्या फौजेची ती खूण आजही जवानाच्या टोपीवर आहे. पहिले परमवीरचक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमध्ये बडगामला ते धारातीर्थी पडले. परमवीरचक्राची आकृती रेखाटली सावित्री खानोलकर यांनी; त्या जन्माने युरोपीय आणि एका मराठी सैन्याधिकाऱ्याच्या पत्नी. आजवर फक्त २१ वीरांना हे चक्र मिळाले आहे. बाजारात दिसते ती शोभेची प्रत असते. प्रत म्हणून घ्यायला हरकत नाही.

मंगोलियात वेगळी रीत

पदकावर नाव घालण्याची रीत सगळीकडे नाही. मंगोलियाची पदके सोव्हिएत वळणाची. ती मागे मळसूत्र आणि चकती लावून कोटावर घट्ट बसवतात, आणि वरच्या दर्जाच्या पदकांवर नावाऐवजी क्रमांक असतो. तो क्रमांक सोबतच्या दाखल्याशी जुळला पाहिजे. दाखला नसला की अर्धी ओळख गेली. तिथे लिपीही काळ सांगते: सुरुवातीच्या पदकांवर उभी मंगोल लिपी, आणि १९४० च्या दशकात देशाने सिरिलिक स्वीकारल्यावर सिरिलिक. १९३९ च्या हालहिन गोलच्या लढाईचा बिल्ला तिथल्या संग्राहकांना फार प्रिय, त्यामुळे नकलाही त्याच्याच मागे.

कायदा आणि घरचे मेडल

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि तिच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाची मेडले आता त्या वयात आली आहेत. परदेशी गिऱ्हाइकाने चांगला भाव दिला, तरी हे आधी तपासा.

घरात मेडल असेल तर चिंच, राख किंवा पावडर लावून ते घासू नका. चकाकी येते, पण कडेवरची अक्षरे झिजतात. काळपटपणा राहू द्या. कड फिरवत चारही बाजूंनी फोटो काढा. क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण जशीच्या तशी, चुकीच्या वर्तनीसह, वहीत उतरवा. इंग्रज कारकुनांनी आपली नावे कशीही लिहिली आहेत. मग घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाजवळ बसा आणि तो माणूस आपला कोण, हे विचारून त्याच पानावर लिहा. युद्धात मेलेला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत त्याचे नाव शोधता येते.

१५ ऑगस्टला शाळेच्या झेंड्यासमोर ते मेडल लावायचे असेल, तर बाजू नीट पाहा. ज्याने मिळवले तो डाव्या छातीवर लावतो. त्याच्या पश्चात वारसाने ते उजव्या छातीवर लावायचे असते.