अपक्षांची गोष्ट : बेळगावचे चारशे छप्पन्न

गेवराईची 1995ची निवडणूक या आठवड्यात सांगणार होतो. बदामराव पंडित अपक्ष निवडून आले, राज्यात 45 अपक्ष आमदार झाले आणि युतीच्या सरकारला त्यांची मनधरणी करावी लागली, ही सगळी हकीगत पुढे येईलच. पण मध्येच चकलांब्याच्या एका मुकादमांनी गाठलं. त्यांची ऊसतोडीची टोळी दरसाल बेळगाव जिल्ह्यातल्या साखर कारखान्यावर जाते. म्हणाले, “सर, तिकडं बॅनरवर महाराष्ट्र एकीकरण समिती असतंय, मग मशीनवर त्यांचा माणूस अपक्ष कसा? आन् लाखाच्या वर मतं घेऊन त्याची अनामत कशी काय जाती?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. समितीत शेकापवाले आले, समाजवादी आले, आणखी कितीतरी रंगांची माणसं आली; मागणी एकच, 1 नोव्हेंबर 1956 रोजी म्हैसूर राज्यात गेलेला मराठी मुलूख महाराष्ट्रात आणा. समिती हा मान्यताप्राप्त पक्ष नाही, तिला राखीव चिन्ह नाही. त्यामुळे तिचा उमेदवार अपक्ष म्हणूनच अर्ज भरतो आणि मोकळ्या चिन्हांतलं मिळेल ते घेऊन दारोदार फिरतो. मतदाराला दर वेळी नवं चिन्ह पाठ करावं लागतं. एवढं असूनही 2013 साली समितीचे दोन आमदार बंगळूरला गेले. 2018 आणि 2023 मध्ये मात्र एकही नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, कारण त्यात या लेखमालेचं निम्मं मर्म आहे. एप्रिल 2021 मध्ये बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. समितीचे तरुण उमेदवार शुभम शेळके यांना 1,17,174 मतं पडली. भाजपच्या मंगला अंगडी निवडून आल्या त्या अवघ्या 5,240 मतांनी. म्हणजे दोन बड्या पक्षांत जेवढं अंतर होतं, त्याच्या वीस पटींहून जास्त मतं या एका अपक्षाकडे होती. पण आपला कायदा सांगतो, वैध मतांचा एक षष्ठांश हिस्सा ओलांडा, नाहीतर अनामत सरकारजमा. दहा लाखांवर मतदान झालेलं, म्हणजे एक लाख सत्तर हजारांच्या आसपास मतं हवी होती. गेली अनामत!

आता जरा लांब, लंडनला जाऊ. 2009च्या वसंतात श्रीलंकेतलं युद्ध शेवटच्या टप्प्यात होतं आणि लंडनमधले तमिळ लोक तिथल्या संसदेसमोरच्या चौकात ठाण मांडून बसले होते. त्याच जूनमध्ये युरोपीय संसदेची निवडणूक होती. जॅन जननायगम ही तमिळ कार्यकर्ती लंडनमधून अपक्ष उभी राहिली. जागा आठ, समोर सगळे मातब्बर पक्ष. तिला 50,014 मतं मिळाली, शेकडा तीनलाही जरा कमीच. ती हरली, पण अनामत वाचली, कारण त्या निवडणुकीत अनामतीची अट शेकडा अडीचची होती. आमच्याकडे शेकडा अकरा-साडेअकरा मिळवणाऱ्याची जप्त, तिकडे तिनाच्या आत असलेलीची परत. बेळगावचा मराठी माणूस आणि लंडनचा तमिळ माणूस यांची तुलना फार ताणू नये; लंडनकर घर सोडून आलेले, बेळगावकर आपल्याच ओसरीवर बसलेले. पण दोघांच्या उमेदवारीचा हेतू सारखाच. आम्ही इथे इतके आहोत, हे सरकारी कागदावर उमटलं पाहिजे. आंदोलनाची गर्दी पोलीस एक सांगतात, पुढारी दुसरीच सांगतात. मतमोजणीचा आकडा मात्र दोघांनाही मानावा लागतो.

या हेतूचा सगळ्यात मोठा प्रयोग बेळगावनेच केला. 1996च्या लोकसभेला एका मतदारसंघात 456 उमेदवार! सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून समितीने माणसं शेकड्यांनी उभी केली. त्याच वर्षी नलगोंड्यात फ्लोराइडच्या पाण्याने पिडलेल्यांनी उमेदवारांचा आकडा 480 वर नेला, आणि तमिळनाडूच्या मोडक्कुरिची विधानसभेला तर 1,033 उमेदवार झाले. तिथे मतपत्रिकेची अक्षरशः पुस्तिका काढावी लागली. शिक्का मारायचा तर आधी पान शोधा! बेळगावात शेवटी जनता दलाचे शिवानंद कौजलगी निवडून आले. पण ते नाव आज किती जणांच्या लक्षात आहे? 456 हा आकडा मात्र निवडणुकीवर लिहिणारा प्रत्येक जण सांगतो.

दिल्लीचं लक्ष गेलं खरं, पण सीमाप्रश्नाकडे नाही, अनामतीकडे. लोकसभेची अनामत तेव्हा 500 रुपये होती, ती त्याच वर्षी 10,000 झाली. अपक्षाला दहा सूचक सक्तीचे झाले. मतपत्रिकेवर मान्यताप्राप्त पक्ष आधी, नोंदणीकृत पक्ष मग आणि अपक्ष तळाला, हा क्रमही तेव्हाचाच. पुढे अनामत 25,000 झाली. मी मुकादमांना हिशेब मांडून दाखवला: 456 जणांची अनामत तेव्हाच्या दराने दोन लाख अठ्ठावीस हजार, आजच्या दराने एक कोटी चौदा लाख. त्यांनी लगेच मनातल्या मनात कोयते मोजले. “एवढ्यात लई जोड्यांची उचल भागती की.”

हे गणित आमच्या भागाला नवं नाही. 2024च्या लोकसभेआधी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यातल्या गावागावांत एकच चर्चा होती: प्रत्येक गावाने उमेदवार द्यायचे, म्हणजे मशीन अपुरं पडेल आणि मतदान कागदावर घ्यावं लागेल. एका मशीनवर सोळा बटणं. बीडच्या मतदाराला तीन-तीन मशीन शेजारी मांडलेली बघायची सवय आहेच. पण नव्या बनावटीची चोवीस मशीन एकमेकांना जोडता येतात, म्हणजे ‘नोटा’ धरून 384 नावं बसतात, हे पारावरच्या चर्चेत फारसं कुणी धरलं नव्हतं. शिवाय तेवढी नावं भरायला पाऊण कोटीच्या वर अनामत. बेत बारगळला.

आपल्या शेजारच्या निजामाबादने मात्र 2019 साली तो करून दाखवला होता. हळदीला भाव आणि हळदीचं मंडळ मागत पावणेदोनशेच्या वर शेतकरी उभे राहिले. एकूण उमेदवार 185, प्रत्येक केंद्रावर बारा मशीन, आणि मतदान तरीही मशीनवरच. बहुतेकांची अनामत गेली, पण तेलंगणच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची मुलगी के. कविता तिथे खासदार होत्या, त्यांची खासदारकीही गेली. हळद मंडळाचं काम जानेवारी 2025 मध्ये सुरू झालं आणि त्याचं मुख्यालय निजामाबादलाच आहे.