निळू फुले : बागेतला कामगार, पडद्यावरचा पाटील

नटाची थोरवी आपण त्याच्या भूमिकांवरून मोजतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे आधी विचारतो, हा पूर्वी कोणते काम करीत होता?

निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. पगार महिना 80 रुपये; त्यांतले 10 रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. सेवा दलाच्या कलापथकातच त्यांच्या तोंडाला रंग लागला. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नाव झाले, आणि 1968 साली 'एक गाव बारा भानगडी'मधून ते पडद्यावर आले. रंगभूमीवर तेंडुलकरांचा सखाराम बाइंडरही त्यांनीच उभा केला.

'सामना'तला त्यांचा साखरसम्राट हिंदुराव आठवा. तो उगाच आरडाओरडा करीत नाही. आवाज खालचा, नजर तिरकी, शब्द गोड. सारा गाव ज्याच्या मुठीत, त्याला ओरडण्याची गरजच काय? मालकाचे हे रूप समोर उभे राहून हुकूम ऐकणाऱ्यालाच नीट ठाऊक असते. म्हणूनच प्रेक्षकांना त्या पाटलात आपापल्या गावचा पाटील दिसला, आणि खेड्यांतल्या बायाबापड्या खुद्द नटालाच दुष्ट समजू लागल्या.

प्रत्यक्षात हा माणूस डॉ. श्रीराम लागूंच्या जोडीने नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभारीत होता. चळवळीतल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना त्या निधीतून मानधन मिळू लागले. 13 जुलै 2009 रोजी फुले गेले. माळ्याच्या पगारातून सुरू केलेली वर्गणी त्यांनी नट झाल्यावरही थांबविली नाही, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.