दोन पायांना चार बूट

पोहून झाल्यावर सायकल आणि सायकलवरून उतरल्यावर पळणं, या उद्योगाला ट्रायथलॉन म्हणतात हे आता कोल्हापूर-पुण्याकडच्या घरांत समजावून सांगावं लागत नाही. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ‘आयर्नमॅन ७०.३’ झाली, आणि आपल्याकडच्या कितीतरी डॉक्टर, इंजिनियर मंडळींना या वेडाने झपाटलं. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि वर २१.१ किलोमीटर पळायचं! मीही त्या वेड्यांतलाच, म्हणून नात्यागोत्यातले हौशी लोक सल्ल्याला येतात.

परवा भाचा आला. नोकरीचं पहिलंच वर्ष. ‘‘मामा, पैसे एकाच जोडीचे आहेत. सायकलचे बूट घेऊ की पळायचे?’’

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात त्याचे गुडघेही आले आणि पगारही. मी क्षणभरही न घुटमळता म्हटलं, ‘‘पळायचे.’’

याचं कारण पाहा. सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीट पेलते. पळताना मात्र दर पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो, आणि तोही ९० किलोमीटर पेडल मारून पाय शिसासारखे जड झाल्यावर! तिथे बूट चुकला तर नखं काळी पडतात, टाचा धरतात. शर्यत राहते बाजूला, महिनाभर जिना उतरता येत नाही.

मग सायकलच्या बुटांचं एवढं कौतुक कशासाठी? त्यांचा तळवा फळीसारखा टणक असतो. मऊ तळवा पेडलवर वाकतो आणि पायाचा थोडा जोर त्या वाकण्यातच जिरतो. टणक तळव्यातून तो थेट पेडलला मिळतो. तळव्याखालची ‘क्लीट’ नावाची पट्टी पेडलमध्ये खट्कन अडकते. ही युक्ती मूळची बर्फावरच्या स्कीइंगची. ‘लूक’ या फ्रेंच कंपनीने ती १९८४ साली सायकलला आणली आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो तसल्या पेडलांवर ‘टूर द फ्रान्स’ जिंकला. त्याआधी चामडी पट्ट्याने पाय पेडलच्या पिंजऱ्यात आवळून बांधत.

पण पाय सोडवायचा तर टाच बाहेर वळवावी लागते. ती सवय नसलेले भलेभले भर चौकात, सिग्नलला, उभ्या सायकलसकट आडवे झालेले मी पाहिलेत. (लागत फारसं नाही, लाज मात्र जाते.) क्लीट तिरकी बसली तर गुडघा कुरकुरू लागतो, तो प्रकार अधिक वाईट. ट्रायथलॉनसाठी खास बूट मिळतात. नाडीऐवजी रुंद पट्टा, टाचेला ओढायला कडी, पाणी निथळायला भोकं. पट्टीचे खेळाडू ते आधीच पेडलला अडकवून, रबरबँडने आडवे धरून ठेवतात आणि चालत्या सायकलवर पाय आत सरकवतात. नवख्याने ही सर्कस करू नये. ज्याला पहिली शर्यत धड पुरी करायची आहे, त्याला साधी सपाट पेडलं आणि पळायचे बूट दोन्हीकडे चालतात. बूट बदलायचा वेळ वाचतो तो वेगळाच.

पळायचे बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. शर्यतीच्या उन्हात तर आणखी. म्हणून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. आतून कार्बनची पट्टी घातलेले महागडे बूट दुकानदार पुढे करेल, त्याला हसून नमस्कार करावा. नाड्या मात्र इलॅस्टिकच्या घ्याव्यात, ओल्या हाताने गाठ मारायची कटकट राहत नाही. आणि मोजे घालावेतच! अर्धा मिनिट वाचवायला अनवाणी पायाने बूट चढवणारे पुढे वाळूच्या कणाने आलेला फोड घेऊन लंगडतात. सायकलपाशी पाण्याची एक बाटली आणि जुना पंचा ठेवला की वाळूचा प्रश्न मिटतो.

भाच्याने पळायचेच बूट घेतले, उरलेल्या पैशांत दोन जोड मोजे आणि नाड्या आल्या. कोरे बूट शर्यतीला घालायचे नसतात, म्हणून रोज सकाळी सायकल मारून आला की तो तसाच, तेच बूट घालून रंकाळ्याला फेरी मारतो.