रुसलेली फटफटी

मराठीचा मास्तर आणि इंजिनाची दुरुस्ती! सौभाग्यवतींनी मनसोक्त हसून घेतले. पण वडिलांच्या माघारी त्यांची ५० सी.सी.ची मोटार-सायकल-जोडगोळी भंगारात घालणे आईला सोसवणारे नव्हते.

गाडी दहा मिनिटे चाले आणि बंद पडे. प्रथम प्लग काढला. वाचकहो, प्लग काळा व ओला असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढराफटक असेल तर नेमके उलट. आमचा पांढरा! मग कार्ब्युरेटर उघडून जेटचे बारीक भोक फुंकून साफ केले. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधले पॅकिंग बदलले. तिथून चोरटी हवा शिरली तरी इंजिन फाजील तापते. तरी रडगाणे तेच.

शेवटी गाडी बंद पडताच टाकीचे झाकण सैल केले मात्र, स्वारी पुन्हा सुरू! झाकणातले हवेचे छिद्र मळाने बुजले होते. वरून हवा आत जाईना, म्हणून खाली पेट्रोल उतरेना. झाकण काढून टाचणीने छिद्र मोकळे केले, इतकेच.

संध्याकाळी अंगणात फटफट ऐकून आईने सवयीने एक कप चहा जास्त टाकला. तो मी प्यालो.