तुटलेल्या तारेची साक्ष



पालघरला किंवा बोईसरला आपण गाडीत चढतो, तेव्हा डब्याखालून गेलेल्या हवेच्या नळीकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपली साधी समजूत अशी की, नळीत हवा भरली म्हणजे ब्रेक लागत असतील. प्रत्यक्षात आहे उलटे. नळीत दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. दाब गेला की ते लागतात. पहिल्यापासून मात्र असे नव्हते. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ साली बनवलेल्या ब्रेकमध्ये नळीतून हवा सोडली म्हणजे ब्रेक लागे. पण नळीच फुटली तर? मग ब्रेकच नाही! म्हणून १८७२ साली त्याने सगळी व्यवस्था उलटी फिरवली. आता नळी फुटली किंवा डबे सुटे झाले, तर गाडी आपोआप थांबते.

हे सांगायचे कारण आहे एक लहानसे यंत्र. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर यंत्रांशी झटापट करणाऱ्या माणसाला घरीही एखादे यंत्र असावे असे वाटले, तर नवल नाही. टेबलावर मावणारे सीएनसी यंत्र अशा हौशी मंडळींसाठीच असते. ३०१८ या नावाने मिळणाऱ्या यंत्रावर ३०० बाय १८० मिलिमीटर एवढे काम होते. संगणकातून चित्र द्यावे आणि फिरत्या पात्याने ते लाकडावर कोरून द्यावे. मग ती दारावरची पाटी असो की तारपा वाजवणारा वारली माणूस.

पण या यंत्राच्या स्टेपर मोटरी आंधळ्या असतात. ‘शंभर पावले चाल’ म्हटले की चालू लागतात; खरोखर शंभर झाली की नाही, हे परत येऊन कोणी सांगत नाही. गाडा टोकाला अडला तरी मोटर कण्हत ढकलतच राहते. पावले चुकतात आणि पुढचे सगळे कोरीव काम सरकते. जोर मोठा असेल तर काहीतरी वाकते किंवा तुटते. म्हणून टोकाशी लिमिट स्विच लावायचा. लिफ्टला आणि कारखान्यातल्या क्रेनला असतो, त्याच जातीचा. गाडा आला, स्विचची पट्टी दाबली गेली, यंत्र थांबले.

पुष्कळ यंत्रांना असा स्विच नसतोच, किंवा दर अक्षाला एकच असतो. दुसरे टोक उघडे राहते. तेव्हा आडव्या दोन अक्षांना दोन-दोन आणि उभ्या अक्षाला वर एक, असे पाच स्विच पुरतात. उभ्याला खाली का नको? कारण पाते कधी लांब, कधी आखूड. ते लाकडाला कोठे टेकेल हे स्विचला कसे कळणार? आणखी एक. स्विच गाड्याच्या थेट समोर लावू नये, बाजूला लावावा. हुकूम मिळाल्यावरही गाडा थोडा पुढे सरकतो. समोरचा स्विच चिरडला जाईल.

आता जोडणीकडे येऊ. स्विचला तीन पाय असतात: एक कॉमन, दुसरा एनओ, तिसरा एनसी. एनओ एरवी उघडा, दाबल्यावर जुळणारा. एनसी एरवी जुळलेला, दाबल्यावर उघडणारा. हौशी माणूस बहुधा एनओ निवडतो, कारण ‘बटण दाबले की दिवा लागतो’ ही आपली सवय. पण तार तुटली तर एनओ स्विच काहीच बोलत नाही, आणि यंत्राला वाटते, सारे ठीक आहे. हाच तो १८६९ चा ब्रेक! एनसी जोडणीत प्रवाह सतत वाहत असतो. स्विच दाबला तरी तो खंडित होतो, तार तुटली तरी खंडित होतो. दोन्ही वेळा यंत्र थांबते.

तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीतही हाच विचार आहे. भट्टी बंद करणारे दांडे विजेच्या जोरावर वर धरलेले असतात. वीज गेली की ते स्वतःच्या वजनाने खाली येतात.

पण येथेच एक खड्डा आहे. दोन एनसी स्विच एकापाठोपाठ एक, माळेतल्या मण्यांसारखे जोडावे लागतात. आर्डुइनो ऊनोवर बसणाऱ्या प्रचलित सीएनसी शील्डवर मात्र दर अक्षाला अधिक आणि उणे अशा दोन जागा दिसतात. तुम्ही म्हणाल, दोन टोके, दोन जागा, सोपे आहे! पण या दोन जागा आतून एकच असतात. दोन एनसी स्विच तेथे वेगवेगळे खोचले, तर एक उघडला तरी दुसऱ्यातून प्रवाह चालूच राहतो, आणि सुरक्षिततेसाठी लावलेला स्विच नुसता शोभेचा ठरतो. म्हणून दोघांची माळ करा आणि ती एकाच जागी जोडा.

यंत्र चालवणाऱ्या जीआरबीएल या प्रणालीला हा उलटा अर्थ कळवावा लागतो. त्यासाठी ‘डॉलर ५’ या जागी १ लिहावे. ‘डॉलर २१’ मध्ये १ लिहिल्यावर स्विच पहारा सुरू करतात. शील्ड जुनी असेल तर उभ्या अक्षाची तार १२ क्रमांकाच्या पायावर आहे ना, हे पाहावे, ०.९ आवृत्तीपासून ती ११ वरून तेथे हलवली आहे.

स्पिंडलची मोटर विजेचा गोंगाट करते. तिच्या तारेशेजारून स्विचची तार नेली, तर गाडा टोकापासून दूर असतानाही यंत्र थांबते. मग ‘लांडगा आला रे’ची गोष्ट होते. वैतागलेला माणूस पहाराच बंद करून टाकतो. त्यापेक्षा तारा दूर ठेवा, जाळीवेष्टित केबल वापरा आणि जाळी एकाच टोकाला जमिनीला जोडा.

शेवटी परीक्षा. स्पिंडल बंद ठेवून प्रत्येक स्विच पेन्सिलीने दाबा, यंत्राने धोक्याचा इशारा दिला पाहिजे. मग एकेक तार काढून पाहा, तेव्हाही दिला पाहिजे. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर मात्र एनसी स्विचलाही ते कळत नाही. शिवाय आपल्याकडची खारी हवा आणि लाकडाचा भुसा धातूला सुखाने राहू देत नाहीत. म्हणून ही परीक्षा अधूनमधून पुन्हा घ्यावी. आणि लिमिट स्विच आहे म्हणून मोटरींची आणि स्पिंडलची वीज थेट तोडणारे लाल बटण गाळू नये. स्विच गाडा सांभाळतो. बोटे आपली आपणच सांभाळायची असतात.

यंत्र गप्प आहे म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नये. तार तुटली तर तिनेही आपली साक्ष दिली पाहिजे, आणि तशी जोडणी करणे आपल्या हातात आहे.